डोंगरगाडीतील मुसाफिर : माथेरानच्या वाटेवर नमाज



दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या घरांतूनही सहलीचे बेत ठरू लागतात. गाडीची आरक्षणे होतात, स्वेटर बाहेर काढले जातात, चिवड्याचे डबे भरले जातात. कोणत्या ठिकाणाहून सूर्योदय पाहायचा आणि कोठून सूर्यास्त, हेही मुले आधीच ठरवून टाकतात. परंतु जोहर कोठे अदा करायची, अस्र गाडीत येईल की मुक्कामी, हा प्रश्न बहुतेक घरांत गाडी सुटल्यानंतर आठवतो. या लेखाचा विषय तेवढाच आहे. उदाहरणासाठी पुण्याहून माथेरानची वाट घेतली आहे, कारण ती मी लहानपणापासून ओळखतो.

नारायण पेठेत माझ्या वडिलांचे पुस्तकबांधणीचे छोटे दुकान होते. आजूबाजूला छापखाने, प्रकाशक आणि कागदाची गोदामे. एरवी शाळेची पुस्तके, डायऱ्या आणि पंचांगे यांच्या कामातून त्यांना डोके वर काढायला सवड नसे. दिवाळीत मात्र सारे छापखाने तीन-चार दिवस बंद राहत आणि आपोआप आमचे दुकानही बंद होई. तीच आमची सुट्टी. अशा एका सुट्टीत त्यांनी आम्हाला प्रथम माथेरानला नेले. त्या सहलीत आमच्या हातून एक चूक घडली. ती पुढे सांगेन, कारण या लेखाचे मूळ तिच्यातच आहे.

दिव्य कुरआनने प्रवासाकडे संशयाने पाहिलेले नाही. पृथ्वीवर फिरा आणि अल्लाहने निर्मितीचा आरंभ कसा केला ते पाहा, अशा आशयाचा आदेश सूरह अन्कबूतमध्ये (२९:२०) आहे. पर्वत कसे उभे केले गेले याकडे लोक पाहत नाहीत काय, असा प्रश्न सूरह गाशियामध्ये (८८:१९) विचारला आहे. सूरह फातिरमध्ये (३५:२७) तर डोंगरांमधील पांढऱ्या, तांबड्या आणि काळ्याभोर पट्ट्यांचा उल्लेख येतो. भोर घाटातून गाडी उतरताना खिडकीबाहेर काळ्या बसाल्टचे थर एकावर एक दिसतात आणि माथेरानच्या माथ्यावर पाय ठेवताच जमीन तांबडी होते, कारण तेथे कातळावर जांभ्या दगडाचा थर आहे. ती आयत मुलांना समजावून सांगायला याहून चांगली जागा आपल्या भागात मला ठाऊक नाही.

त्याच वेळी पैगंबर मुहम्मद (स.) यांनी प्रवासाचे वर्णन यातनेचा एक तुकडा असे केले आहे (बुखारी व मुस्लिम). प्रवास माणसाला त्याच्या झोपेपासून, अन्नापासून आणि पाण्यापासून अडवतो, म्हणून काम आटोपताच घरी परतावे, असा त्या हदीसचा आशय आहे. म्हणजे प्रवास स्तुत्य आहे आणि कष्टाचाही आहे. शरीअतने मुसाफिराला ज्या सवलती दिल्या, त्या या कष्टाची जाणीव ठेवून दिल्या आहेत. सवलत समजून न घेता नमाजच सोडून देणारा मनुष्य दोन्हीकडून तोट्यात राहतो.

लोणावळ्यात चार, माथेरानमध्ये दोन

पहिला प्रश्न असा की आपण मुसाफिर ठरतो की नाही. सहलीला निघालेला प्रत्येक जण शरीअतच्या दृष्टीने मुसाफिर नसतो. आपल्या देशातील हनफी आलिमांनी साधारणपणे ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर, ही मर्यादा धरली आहे. शाफई मस्लकात दोन मरहल्यांचे अंतर धरतात. आजच्या मापात ते काढताना आलिमांच्या हिशेबात थोडा फरक पडतो, तरी ते ८० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून काहीसे अधिक भरते. आपल्या वाचकांत कोकणी कुटुंबे बरीच आहेत आणि ती बहुतांशी शाफई आहेत, म्हणून दोन्ही सांगणे आवश्यक वाटते.

आता हिशेब करा. पुणे ते लोणावळा रेल्वेने ६४ किलोमीटर. म्हणजे केवळ लोणावळा-खंडाळा पाहून संध्याकाळी परतणारे पुणेकर कुटुंब कोणत्याच मस्लकानुसार मुसाफिर नाही. त्याने जोहर, अस्र आणि इशाच्या चार-चार रकअती पूर्ण अदा कराव्यात. धबधब्याखाली भिजून आलेले कित्येक तरुण आपण सहलीला आलो आहोत एवढ्याच कारणावरून तेथे दोन रकअती अदा करताना मी पाहिले आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु नमाज अपुरी राहिली.

माथेरानची गोष्ट निराळी आहे. पुण्याहून नेरळ सुमारे १०६ किलोमीटर आणि नेरळपासून डोंगरगाडीचा मार्ग आणखी सुमारे २० किलोमीटर. येथे पुणेकर निःसंशय मुसाफिर ठरतो. कल्याणहून निघालेले कुटुंब मात्र त्याच गाडीत, त्याच बाकावर बसूनही मुसाफिर नाही, कारण त्याचा प्रवास एकूण ५० किलोमीटरच्या थोडा पुढे जातो. मुंबईकरांनी आपल्या मशिदीच्या इमामांना विचारून घ्यावे. एवढ्या पसरलेल्या शहराची हद्द कोठून धरायची, यावर तेथे उत्तर बदलू शकते.

आणखी एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कसर, म्हणजे चार रकअतींच्या जागी दोन रकअती, ही सवलत (सूरह निसा, ४:१०१) घराचा उंबरठा ओलांडताच सुरू होत नाही. आपल्या वस्तीची हद्द मागे पडल्यानंतर ती सुरू होते. नारायण पेठेतून रिक्षा करून शिवाजीनगर किंवा पुणे स्टेशनवर आलेला मनुष्य अजून आपल्या गावातच आहे. फलाटावर जोहर अदा केली तर ती चार रकअतींची. परतीच्या वेळी हेच उलट क्रमाने घडते. गाडी पुन्हा शहरात शिरली की सवलत संपली, मग घर अजून चार किलोमीटर दूर असले तरी हरकत नाही.

कसर फक्त चार रकअतींच्या फर्ज नमाजांना आहे. फज्रच्या दोन आणि मगरिबच्या तीन रकअती जशाच्या तशा राहतात. हनफींच्या मते मुसाफिराने कसर करणे वाजिब आहे, म्हणून अधिक पुण्याच्या आशेने मुद्दाम चार अदा करणे योग्य नाही. शाफई मस्लकात ती परवानगी आहे. मुक्कामाच्या गावी मशीद असेल आणि आपण स्थानिक इमामाच्या मागे उभे राहिलो, तर दोन्ही मस्लकांनुसार त्याच्याबरोबर चार पूर्ण कराव्यात. मुक्काम लांबला तर हनफींकडे एकाच ठिकाणी १५ दिवस राहण्याचा निश्चय होताच माणूस मुकीम ठरतो. शाफईंकडे येण्या-जाण्याचे दिवस वगळून चार दिवसांचा निश्चय पुरतो. दिवाळीच्या सुट्टीत हा प्रश्न सहसा येत नाही. उन्हाळ्यात आठवडाभर बंगला भाड्याने घेणाऱ्या शाफई कुटुंबाने मात्र तो ध्यानात ठेवावा.

दोन नमाजा एकत्र करण्याविषयीही मतभेद आहे. शाफई मुसाफिर जोहर व अस्र, तसेच मगरिब व इशा, एका वेळेत एकत्र अदा करू शकतो. मात्र पहिली नमाज दुसरीच्या वेळेत न्यायची असेल, तर पहिलीची वेळ संपण्यापूर्वी तसा इरादा केलेला असावा. हनफींकडे ही मुभा हजच्या काळात अरफात आणि मुजदलिफापुरतीच आहे. तरी हनफी मुसाफिराला एक सोय आहेच. जोहर तिच्या वेळेच्या अखेरीस आणि अस्र तिच्या वेळेच्या प्रारंभी अदा केली की एकदा वुजू करून, एकदा चादर अंथरून दोन्ही होतात. सहलीत या युक्तीचा फार उपयोग होतो. एकाच कुटुंबात सून शाफई आणि सासर हनफी असेल, तर घाटात बसून वाद घालण्यापेक्षा प्रत्येकाने आपापल्या मस्लकानुसार अमल करावा.

उतरताना तसबीह, चढताना तकबीर

माननीय जाबिर (रजि.) यांचे एक कथन सहीह बुखारीत आहे. त्याचा आशय असा की आम्ही चढ चढत असू तेव्हा अल्लाहची थोरवी उच्चारीत असू आणि उतरू लागलो की त्याचे पावित्र्य वर्णन करीत असू. म्हणजे चढताना ‘अल्लाहु अकबर’ आणि उतरताना ‘सुब्हानल्लाह’.

पुणेकराला माथेरानच्या वाटेवर हे दोन्ही क्रमाने लाभते. लोणावळ्याहून कर्जतकडे गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली उतरते. १८६३ साली खुला झालेला हा घाट बोगद्यांनी भरलेला आहे. अंधार, उजेड, पुन्हा अंधार. मुलांना सांगावे की प्रत्येक बोगद्यात ‘सुब्हानल्लाह’ म्हणा. कर्जतला गाडी बदलून, भिवपुरी रोड मागे टाकून लोकलने नेरळला आलो की चढ सुरू होतो. आता ‘अल्लाहु अकबर’. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे, तेव्हा मुलांना भरपूर तकबीर म्हणता येतात. आमच्या घरात हा खेळच झाला होता. माझी धाकटी बहीण बोगद्यांपेक्षा तसबीहच अधिक मोजायची.

वाहन सुरू होताना सूरह जुख्रुफमधील (४३:१३-१४) दुआ म्हणावी. ज्याने हे वाहन आमच्या अधीन केले तो पवित्र आहे, आम्ही स्वबळावर याला वश करू शकलो नसतो आणि आम्हाला आमच्या पालनकर्त्याकडेच परतायचे आहे, असा तिचा आशय आहे. नेरळला ही दुआ म्हणताना मला नेहमी आणखी एक गोष्ट आठवते आणि ती आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते.

ही डोंगरगाडी एका मुस्लिम कुटुंबाने बांधली आहे. मुंबईचे दाऊदी बोहरा समाजातील व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी हा मार्ग उभारला. त्याला सुमारे १६ लाख रुपये खर्च आला आणि १९०७ च्या मार्च महिन्यात तो खुला झाला. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद सर आदमजींकडे होते. माथेरानहून परतताना त्यांना एकदा घोडा किंवा पालखी मिळाली नाही आणि तेव्हाच त्यांनी रेल्वे आणण्याचा निश्चय केला, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, रूळ खरे आहेत. दोन फुटांच्या अंतराचे ते रूळ काही ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट इतक्या चढाने वर जातात. २००५ च्या २६ जुलैच्या महापुरात मार्ग जागोजागी उखडला होता, दुरुस्तीनंतर २००७ मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. पावसाळ्यात आजही नेरळकडील गाडी बंद ठेवतात आणि अमन लॉज ते माथेरान एवढाच टप्पा चालू असतो. बेत आखताना हे लक्षात ठेवावे.

गाडीत नमाज

फर्ज नमाजेत उभे राहणे आणि किब्ल्याकडे तोंड करणे आवश्यक आहे. मोठ्या गाडीत जागा असेल तर उभे राहून नमाज अदा करावी आणि गाडी वळली तर आपणही किब्ल्याकडे वळावे. चालत्या गाडीतील फर्ज नमाजेविषयी भारतीय आलिमांत मतभेद आहे. काहींच्या मते ती होते, तर काहींच्या मते वेळ जात असेल तर अदा करावी आणि नंतर पुन्हा करावी. गर्दीमुळे बसूनच अदा करावी लागली, तर नंतर ती पुन्हा करण्यातच सावधगिरी आहे. डोंगरगाडीच्या इवल्याशा डब्यात तर गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना लागतात, सज्द्याला जागा कोठली? शिवाय मार्ग इतका वळणावळणाचा की किब्ला एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे आणि एकदा पाठीमागे येतो. वर जायला दोन तासांहून अधिक लागतात.

म्हणून माझे मत असे आहे की या वाटेवर गाडीत नमाज कशी अदा करावी हा प्रश्न उद्भवूच देऊ नये. सकाळची गाडी घ्यावी. फज्र घरी अदा करून निघावे आणि जोहर माथेरानला पोहोचून शांतपणे अदा करावी. परतताना दुपारची गाडी असेल तर जोहर वरच उरकावी आणि अस्रसाठी नेरळ स्थानकाचा फलाट किंवा परिसर योजावा. नमाज ठरलेल्या वेळांत बांधून दिली आहे, हे सूरह निसामध्येच (४:१०३) सांगितले आहे. वेळापत्रक हातात घेऊन नमाजेच्या जागा आधी ठरवणे हाही त्या आदेशाच्या पालनाचाच भाग आहे. आपण जेवणाच्या जागा आधी ठरवतोच ना?

पुणे-माथेरान परिसरात किब्ला नेमका पश्चिमेला नसून पश्चिमेपासून सुमारे ११ अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. मोबाइलला रेंज नसली तरी मावळतीवरून अंदाज येतो. मात्र हिवाळ्यात सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेकडे सरकून मावळतो, म्हणून मावळत्या सूर्याच्या बऱ्यापैकी उजवीकडे तोंड करावे. सारी पृथ्वी या उम्मतसाठी सज्द्याची जागा केली गेली आहे, असे पैगंबर (स.) यांनी सांगितले आहे. परंतु माथेरानच्या वाटांवर घोड्यांची लीद पडलेली असते आणि ती हनफी व शाफई दोन्ही मस्लकांत अपवित्र आहे. तांबडी धूळ कपड्यांना लागली तर बिघडत नाही, लीद लागली तर धुवावी. एक जाडसर चादर आणि पाण्याची एक बाटली पिशवीत वेगळी ठेवावी. पाणी मिळत असताना थंडीचा कंटाळा म्हणून तयम्मुम करता येत नाही. थंडीसाठी चामड्याच्या मोज्यांवर मसह करण्याची सोय आहे, मुकीमाला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्री (सहीह मुस्लिम). साध्या सुती मोज्यांना ती लागू नाही.

सार्वजनिक जागी नमाज अदा करताना दुसऱ्यांची वाट अडवू नये. डब्याच्या दारात, जिन्याच्या तोंडाशी किंवा फलाटावर लोक चढतात-उतरतात तेथे चादर पसरणारा मनुष्य नमाज अदा करतो आणि त्याच वेळी रस्त्याचा हक्क मोडतो. रस्त्याचे हक्क पैगंबर (स.) यांनी स्वतः सांगितले आहेत. कोपरा शोधावा, थोडक्यात आटोपावे. कोणी कुतूहलाने पाहिले तर हसून सलाम किंवा नमस्कार करावा. माझा अनुभव असा आहे की विचारून जागा मागितली तर बहुतेक सहप्रवासी आपले सामान स्वतःच बाजूला घेतात.

सूर्यास्त आणि मगरिब

आता ती चूक सांगतो. माथेरानला पोहोचल्याच्या पहिल्याच संध्याकाळी आम्ही पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्यास्त पाहायला गेलो. जोहर आणि अस्र व्यवस्थित झाली होती. तेथे शे-दीडशे माणसे दरीकडे तोंड करून बसली होती. सूर्य लाल झाला, दबला आणि डोंगराआड गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. मग भाजलेले कणीस झाले, चहा झाला आणि अंधाऱ्या झाडीतून रमतगमत परतीची चाल झाली. वाटेत बहिणीची चप्पल तुटली. मुक्कामी येऊन जेवायला बसलो तेव्हा आई म्हणाली, “मगरिब?”

कोणीच काही बोलले नाही. वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. इशाची वेळ होऊन गेली होती. एवढ्या लोकांसोबत आम्ही सूर्य मावळताना डोळे भरून पाहिला आणि त्या मावळण्याने ज्या नमाजेची वेळ झाली, ती नेमकी आमच्याच हातून गेली. वडील रागावले नाहीत. उठले, वुजू केली, आम्हा मुलांना मागे उभे केले आणि मगरिबच्या तीन रकअती कजा म्हणून जमाअतीने अदा केल्या, नंतर इशाच्या दोन. सलाम फेरल्यावर ते बराच वेळ तसेच बसून राहिले. त्या रात्री त्यांचा चेहरा पाहून मला जे समजले, ते नंतर पुस्तकांतून वाचलेल्या मसाइलपेक्षा अधिक होते.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला पुन्हा तेथेच नेले. या वेळी पिशवीत चादर होती आणि पाण्याची बाटली होती. अस्र मुक्कामीच अदा केली होती, कारण सूर्य पिवळा पडेपर्यंत अस्र लांबवणे नापसंत आहे. ऐन मावळतीच्या क्षणी त्या दिवसाच्या राहिलेल्या अस्रशिवाय दुसरी नमाज हनफींकडे अदा करता येत नाही, म्हणून तो वेळ आम्ही नुसते पाहत बसलो. सूर्य पूर्ण बुडाला. गर्दी चहाकडे वळली, तेव्हा आम्ही थोडे मागे, झाडाखाली, चादर अंथरली.

नोव्हेंबरात मगरिबची वेळ सव्वा तासाच्या आसपास असते. चालत परतायला मुलांसह तासभर सहज जातो. तेव्हा पॉइंटवरच नमाज उरकणे हाच शहाणपणा आहे, मग तो पॉर्क्युपाइन असो वा महाबळेश्वरचा बॉम्बे पॉइंट.

खाणे, घोडा आणि हमाल

खाण्याबाबत दोन टोके दिसतात. काही जण विचारपूसच करीत नाहीत आणि काही जण चहाच्या कपावरही संशय घेतात. डोंगरावर शाकाहारी जेवण सर्वत्र मिळते. कर्जतच्या फलाटावरचा वडापाव हा तर या वाटेवरचा नित्याचा नाश्ता आहे. त्यात घालमेल करण्यासारखे काही नाही. मांसाहाराविषयी मात्र जबह कोण करतो हे विचारावे आणि समाधान झाले नाही तर सोडून द्यावे. नव्याने मुस्लिम झालेले लोक मांस आणून देतात, त्यांनी अल्लाहचे नाव घेतले की नाही हे कळत नाही, असा प्रश्न काहींनी विचारला होता. तेव्हा आपण स्वतः अल्लाहचे नाव घ्या आणि खा, अशा आशयाचे उत्तर पैगंबर (स.) यांनी दिल्याचे माननीय आइशा (रजि.) सांगतात (बुखारी). येथे विकणारे मुस्लिमच होते, हे विसरू नये. त्या हदीसचा आधार घेऊन कोणतेही मांस वैध ठरवता येत नाही. तसेच मुस्लिम विक्रेत्याची उलटतपासणी घेण्याचेही कारण नाही.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यापुढे पाय, घोडा, हातरिक्षा आणि अलीकडे ई-रिक्षा. माणसाने माणसाला ओढण्याची ही हातरिक्षांची प्रथा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आहे. येथे मुस्लिम प्रवाशाची एक निराळीच परीक्षा होते. हॉटेलच्या खोलीचे भाडे मुकाट्याने देणारा गृहस्थ हमालाशी वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. मजुराला त्याचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्या, ही शिकवण आपल्याला तोंडपाठ आहे. दर आधी ठरवावा आणि ठरला तेवढा तत्काळ द्यावा. घोड्यावर दोन मुले एकदम बसवण्याचा आग्रह धरू नये. हिरवळीच्या प्रदेशातून जाताना उंटांना त्यांचा वाटा चरू द्या, असे मुसाफिरांना सांगितले गेले आहे. जनावराचा हक्क प्रवासातही संपत नाही.

याशिवाय दोन गोष्टी थोडक्यात. तिघे किंवा अधिक जण निघाले तर एकाला प्रमुख नेमावे (अबू दाऊद). नमाजेची आठवण देण्याचे काम त्याच्याकडे सोपवले की “तू का नाही सांगितलेस” हा वाद उरत नाही. आणि शक्यतो शुक्रवारी सकाळी निघू नये. मुसाफिरावर जुमुआ बंधनकारक नाही हे खरे, परंतु शाफई मस्लकात फज्रनंतर जुमुआ चुकेल अशा रीतीने निघणे वर्ज्य आहे आणि हनफींकडे दुपार कलल्यावर जुमुआ न करता निघणे मक्रूह आहे.

आज आपल्यापैकी काही कुटुंबे आल्प्सच्या गाड्यांतूनही फिरून येतात. १९१२ पासून चालू असलेली युंगफ्राउयोखची रेल्वे ३,४५४ मीटर उंचीवर जाते, तिच्यापुढे आपली डोंगरगाडी खेळण्यासारखी वाटेल. परंतु प्रश्न तेच राहतात, फक्त ताणले जातात. जूनमध्ये झुरिकला सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे इशा मध्यरात्रीकडे सरकते आणि दिवसभर थकलेल्या कुटुंबाची झोप व नमाज यांत ओढाताण होते. स्वित्झर्लंडमध्ये १८९३ पासून गुरे-मेंढ्या बेशुद्ध न करता कापण्यास बंदी आहे, म्हणून तसे जबह केलेले त्यांचे मांस तेथे बाहेरच्या देशांतून येते आणि चौकशी अधिक करावी लागते. बर्फावर तयम्मुम करता येते काय, असेही एका भगिनीने विचारले होते. हनफी व शाफई मस्लकांत नाही. बर्फ वितळवून वुजू करावी. ज्याने माथेरानला चादर आणि बाटली सोबत नेण्याची सवय लावून घेतली, त्याला तेथे फारसे नवे शिकावे लागत नाही.

परतीविषयी एक सुन्नत सांगून थांबतो. पैगंबर (स.) प्रवासाहून परतले की आधी मशिदीत जाऊन दोन रकअती अदा करीत, असे माननीय काब बिन मालिक (रजि.) यांच्या दीर्घ हदीसमध्ये आले आहे. आमचे वडील पुणे स्टेशनवर उतरल्यावर सामान आणि आम्हाला रिक्षात बसवून देत आणि स्वतः वाटेतील मशिदीत उतरत. घरी पोहोचायला त्यांना पाऊण तास उशीर होई. तोपर्यंत आई चादर झटकून, त्यातली तांबडी माती कुंडीत पाडून वाळत घालीत असे. इशा त्या रात्री पुन्हा चार रकअतींची होई.